बैलाला कुणी गद्दार म्हणत नाही

साकोलीत माणसानं पक्ष बदलला तर चालतं, मोबाईलची कंपनी बदलली तर चालतं, डॉक्टर बदलला तर उलट चार जण नव्या डॉक्टरचा पत्ता विचारतात. चहाची टपरी बदललेली मात्र चालत नाही. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

आमचं गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. पूर्वी हा रस्ता गावाच्या पोटातून जायचा, आता उड्डाणपुलामुळे डोक्यावरून जातो. ट्रकवाले वरच्यावर रायपूरकडे निघून जातात आणि खाली उरतो आम्ही, पुलाची सावली आणि दोन टपऱ्या. एक अलीकडची, एक पलीकडची. यातली अलीकडची कोणती, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. मी एकोणीस वर्षं एकाच जागी उभा होतो, म्हणून मला ते ठरवायची कधी गरज पडली नव्हती.

मी गेलो तो शब्दकोड्यापायी. अलीकडच्या टपरीवर पेपर एकच यायचा आणि माझ्याआधी तो एका निवृत्त गुरुजींच्या हाती पडायचा. गुरुजी शब्दकोडं सोडवायचे. चुकीचं सोडवायचे आणि पेनानं सोडवायचे. एके सकाळी ‘घरचा शत्रू, तीन अक्षरं’ या जागी त्यांनी ‘जावई’ लिहिलेलं मी पाहिलं. उत्तर ‘फितूर’ असावं, असं मी म्हणालो. गुरुजी म्हणाले, “तुले पोरगी नाही, तुले काय समजते?” मी पेपर खाली ठेवला, पाच रुपयांची उधारी चुकती केली आणि रस्ता ओलांडला. पलीकडच्या टपरीवर पेपर दोन येत होते.

पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. अलीकडच्या चहावाल्यानं फक्त गाळणीचं फडकं जरा जास्त जोरानं झटकलं. दुसऱ्या दिवशी बाकड्यावरचे चौघे एकदम माझ्याकडे बघायला लागले. तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या त्या काठावरून आवाज आला, “का बा गद्दार, जमली का तिकडची चाय?”

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको हसली आणि पुतण्या गंभीर झाला. हा पुतण्या बी.एस्सी.ला आहे. आयुष्यात त्यानं फुटबॉलला पाय लावलेला मी पाहिलेला नाही. मात्र आठवडी बाजारात घेतलेला बार्सिलोनाचा टी-शर्ट घालून तो रात्री तीनपर्यंत मोबाईलमध्ये युरोपातल्या मॅचेस पाहतो आणि सकाळी, बार्सिलोना हरलं असेल तर, जेवत नाही. तो म्हणाला, “काका, तुमचा फिगो झाला.”

मला वाटलं, हा काही आजार असावा. त्यानं समजावलं. लुईस फिगो हा पोर्तुगालचा खेळाडू. बार्सिलोनाचा लाडका, कप्तानपद सांभाळलेला. बार्सिलोना आणि माद्रिदची रियल माद्रिद यांचं वैर असं, की आपल्याकडच्या भाऊबंदकीनं तिथे शिकवणीला बसावं. 2000 साली रियल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. फ्लोरेंतिनो पेरेझ नावाचे बांधकाम व्यावसायिक उभे होते. त्यांनी जाहीर केलं की, मला निवडून द्या, मी फिगोला आणतो. नाही आणला तर सभासदांची वर्षाची वर्गणी माझ्या खिशातून. लोकांनी निवडून दिलं. जुलै महिन्यात फिगो माद्रिदचा पांढरा शर्ट हातात धरून फोटोला उभा राहिला.

मी म्हणालो, “थांब. उमेदवार बांधकामवाला, निवडणुकीत आश्वासन दिलं, विरोधी गोटातला मोठा माणूस फोडून आणला. हे फुटबॉल आहे की आपल्या नगर परिषदेची निवडणूक?”

“पुढचं ऐका,” तो म्हणाला. फिगो पाहुण्या संघाकडून बार्सिलोनाच्या मैदानावर खेळायला गेला तेव्हा लोकांनी नाणी फेकली, बाटल्या फेकल्या, मोबाईल फेकले. आणि नोव्हेंबर 2002 मध्ये तो कोपऱ्यावरून चेंडू मारायला गेला असताना प्रेक्षकांतून डुकराचं मुंडकं येऊन पडलं. सामना पाव तास थांबला आणि शेवटी शून्य-शून्य सुटला.

माझं मन त्या मुंडक्यातच अडकलं. म्हणजे एक गृहस्थ सकाळी घरून निघताना बायकोला म्हणाला असेल, मॅचला चाललो. तिनं विचारलं असेल, पिशवीत काय? आपल्याकडे एवढी पूर्वतयारी कुणी करत नाही. माझ्या वाट्याला एक शब्द आला, तोही फुकटचा. शिवाय मोबाईल फेकून मारणारा माणूस साकोलीत निघणं शक्य नाही. त्याचे हप्ते चालू असतात.

त्या रात्री पुतण्याच्या मोबाईलवर मी फितुरांचा सगळा इतिहासच पाहिला. इंग्लंडचा सोल कॅम्पबेल टॉटनहॅमचा कप्तान होता. 2001 मध्ये तो शेजारच्या आर्सेनलमध्ये गेला. ही दोन मैदानं एकमेकांपासून साकोली-लाखनीपेक्षाही जवळ. तो जुन्या मैदानावर परत खेळायला आला तेव्हा हजारो लोकांनी ‘ज्यूडास’ म्हणून त्याचं स्वागत केलं. ज्यूडासनं निदान तीस नाणी घेतली होती. कॅम्पबेलचं कंत्राट संपलेलं होतं, त्यामुळे टॉटनहॅमच्या हाती एक नाणंही लागलं नाही. राग त्याचाच जास्त असावा, अशी मला शंका आहे.

हॉलंडच्या योहान क्रायफचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. आयाक्स क्लबचा तो देव. 1983 मध्ये क्लबला वाटलं, छत्तीस वर्षांचा झाला, आता कशाला पुढचं कंत्राट? देव रागावला आणि थेट हाडवैरी फेयेनूर्डकडे गेला. पुढच्या मोसमात त्यानं फेयेनूर्डला लीगही जिंकून दिली आणि चषकही, आणि मगच बूट काढून ठेवले. आपल्याकडे तिकीट कापलेल्या ज्येष्ठांनी हा धडा पाठच केलेला दिसतो. फरक एवढाच, की आपले ज्येष्ठ बूट काढत नाहीत.

आणि हे सगळं काही साता समुद्रापारचं नाही. आमच्या टपरीसमोरचाच रस्ता सरळ धरला तर कोलकात्याला पोचतो. तिथे ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा मासा महाग आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी. कृशानु डे आणि बिकाश पांजी ही मोहन बागानची जोडगोळी 1985 मध्ये ईस्ट बंगालमध्ये गेली. नायजेरियाचा चिमा ओकोरी तर मोहम्मेडन, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान असा तिन्ही घरी जेवून आला. त्या काळी खेळाडूनं सही करेपर्यंत क्लबचे लोक त्याला लपवून ठेवत. कधी कुणाच्या घरी, कधी हॉटेलात. विरोधी क्लबवाले शोधत फिरत, आणि सहीच्या दिवशी त्याला पहाऱ्यात फुटबॉल संघटनेच्या कचेरीत आणत. हे वाचताना मला जून 2022 आठवला. सुरत, गुवाहाटी, हॉटेल, बस, पहारा. आपण तेव्हा टीव्हीसमोर बसून म्हणत होतो की असं कधी घडलं नाही. कोलकात्यानं ते चेंडूसाठी कितीतरी आधी करून ठेवलं होतं.

महाराष्ट्रात फुटबॉलचं वैर बघायचं तर कोल्हापूरला जावं. तिथे क्लब म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर दोन तालमी भिडल्या की गावातली दुकानं अर्धी रिकामी. अशा ठिकाणी पोरानं मोसमाच्या सुरुवातीला दुसऱ्या तालमीकडून नाव नोंदवायचं म्हणजे फिगोपेक्षा अवघड काम. फिगोला बार्सिलोना सोडल्यावर बार्सिलोनात राहावं लागलं नाही. कोल्हापूरच्या पोराला संध्याकाळी त्याच गल्लीतून, त्याच बाकड्यासमोरून घरी यावं लागतं. तिथे आजोबांनी ज्या आखाड्यात घाम गाळला, त्याविरुद्ध नातू गोल मारतो, आणि घरात आजोबा पेपर वाचत असतात.

हे मला कळतं, कारण मीही एकदा हे केलं आहे. कॉलेजात असताना मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो. शेजारच्या गावच्या चमूत एक गडी कमी पडला. त्यांनी मला बोलावलं. बोली एक कोंबडा आणि रात्रीचं जेवण. अंतिम सामना नेमका आमच्याच गावाविरुद्ध आला आणि चढाईला नेमका माझा चुलतभाऊ आला. मी त्याचा घोटा धरला, पण मैदान ओलं होतं, हात सुटला, तो दोन गडी बाद करून गेला. ते गाव म्हणालं, यानं मुद्दाम सोडला. आमचं गाव म्हणालं, यानं धरलाच कसा? दोन्ही गावांनी एकाच संध्याकाळी मला गद्दार ठरवलं आणि कोंबडा कुणीच दिला नाही. जागतिक फुटबॉलच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतकी बदनामी कुणाची झाली नसेल.

तरी ‘गद्दार’ हा शब्द तेव्हा असा रोजच्या वापरात नव्हता. मराठीत या कामासाठी वेगळी माणसं होती. सूर्याजी पिसाळ होता, घरभेदी होता, अस्तनीतला निखारा होता. बिभीषण होता. बिभीषणाची तर मला कीवच येते. तो योग्य बाजूला गेला, हे रामापासून आजच्या कीर्तनकारापर्यंत सर्वांना मान्य आहे, त्याला लंकेचं राज्यही मिळालं. पण आपल्या पोराचं नाव बिभीषण ठेवणारा बाप मी पाहिलेला नाही. 2022 नंतर मात्र सगळ्या जुन्या शब्दांना सुट्टी मिळाली आणि गद्दार हा एकच शब्द राज्यभर कामाला लागला. राहिलेले म्हणाले गद्दारी, गेलेले म्हणाले उठाव. वर्षभरानं दुसऱ्या पक्षात तेच झालं, आणि जाणारे जाताना जुन्या नेत्याला दैवत म्हणत गेले. हेही फुटबॉलमध्ये आहे. जुन्या क्लबविरुद्ध गोल मारला की काही खेळाडू आनंद दाखवत नाहीत, मान खाली घालून चालत जातात. 1974 मध्ये डेनिस लॉनं मँचेस्टर सिटीकडून आपल्या जुन्या मँचेस्टर युनायटेडवर टाचेनं गोल मारला आणि चेहरा असा केला की जणू घरात कुणी आजारी आहे. गोल मात्र धरला गेलाच.

एका बाबतीत आपण फुटबॉलला मागे टाकलं. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा. म्हणजे ज्या वर्षी कृशानु आणि बिकाश ईस्ट बंगालला गेले, त्याच वर्षी दिल्लीनं आमदार-खासदारांना क्लब बदलायला बंदी केली. पुढे 2003 ची दुरुस्ती झाली आणि दोन तृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायची तेवढी वाट उरली. थोडक्यात, एकटा गेला तर फितूर आणि बस भरून गेले तर विलीनीकरण. महाराष्ट्रानं त्याही पुढची पायरी गाठली. इथे जाणारे नुसते गेले नाहीत, 2023 मध्ये निवडणूक आयोगाकडून पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण घेऊन आले, 2024 मध्ये दुसरे घड्याळ घेऊन आले. फिगोला हे सुचलं असतं तर तो बार्सिलोनाचं नाव, झेंडा आणि मैदान घेऊन माद्रिदला गेला असता आणि बार्सिलोनात उरलेल्यांना नवीन चिन्हासाठी अर्ज करावा लागला असता. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं टी-शर्टवरचं बोधचिन्ह हातानं झाकलं.

आता साकोलीचं सांगतो. आमच्या मतदारसंघाला या विषयात मानद पदवी द्यायला हरकत नाही. नाना पटोले 1999 आणि 2004 मध्ये शेजारच्या लाखांदूरमधून काँग्रेसचे आमदार होते. मग त्यांनी काँग्रेस सोडली. 2009 मध्ये साकोलीतून भाजपचे आमदार झाले. 2014 मध्ये भाजपकडून लोकसभेला उभे राहून त्यांनी राष्ट्रवादीच्या प्रफुल्ल पटेलांना जवळपास दीड लाख मतांनी पाडलं. डिसेंबर 2017 मध्ये खासदारकी आणि भाजप दोन्ही सोडले आणि त्यानंतर पुन्हा काँग्रेसमध्ये आले. 2018 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं राष्ट्रवादीच्या मधुकर कुकडेंना पाठिंबा दिला. म्हणजे ज्या पक्षाला चार वर्षांपूर्वी आडवं केलं, त्याच पक्षाला उभं करायचं. आणि कुकडे स्वतः पूर्वी भाजपचे आमदार. तेव्हा आमच्याकडे कार्यकर्ते घोषणा द्यायच्या आधी बाजूच्याला विचारून घेत, “आपण सध्या कोण?” 2019 मध्ये पटोले साकोलीतून काँग्रेसचे आमदार, मग विधानसभेचे अध्यक्ष, मग प्रदेशाध्यक्ष. 2024 मध्ये पुन्हा साकोलीतून निवडून आले, 208 मतांनी.

यात मला नवल पटोल्यांचं वाटत नाही. राजकारणी माणूस, त्याचे हिशेब त्याच्यापाशी. नवल आमचं वाटतं. आम्ही त्याच माणसाला कमळावर निवडून दिलं आणि हातावरही निवडून दिलं. एका चिन्हावरून दुसऱ्यावर बोट नेताना आमचं बोट थरथरलं नाही. कुणी डुकराचं मुंडकं आणलं नाही. कुणी टी-शर्ट जाळला नाही. अलीकडच्या टपरीवर, म्हणजे ती अजून माझी अलीकडची होती तेव्हा, मी विचारलं होतं की हे कसं काय? चहावाला म्हणाला, “पार्टीचं का घेऊन बसलेत? माणूस आपला आहे.”

या वाक्यात बरंच काही आहे. बार्सिलोनाचा माणूस शर्टाचा भक्त आहे, आत कोण आहे ते त्याच्या लेखी दुय्यम. आम्ही आतल्या माणसाचे, शर्ट धुवायला गेला असेल तर दुसरा घाला. अर्थात 208 हा आकडा बघता निम्मी साकोली शर्टाकडे वळलेली दिसते. पण हाच चहावाला, जो पक्षांच्या बाबतीत इतका उदार, तो मी रस्ता ओलांडल्यावर फडकं का झटकतो? मीही त्याचाच माणूस होतो. शर्टही तोच होता. फक्त पाच रुपये पलीकडे गेले होते.

या कोड्याचं उत्तर मला पेपरात मिळालं नाही, पटात मिळालं.

आमच्याकडे संक्रांतीच्या सुमारास शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, सुरू होतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती, 2021 च्या अखेरीस अटी घालून परवानगी दिली आणि झाडीपट्टीत पुन्हा धुरळा उडाला. दिवसा पट, रात्री नाटक. गेल्या मोसमात एका पटाला मी गेलो होतो. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा पांढरा बैल त्यानं दिवाळीला दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाला विकला होता. नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांत जाते, तशीच गेली होती. आता तोच बैल नव्या मालकाच्या जोडीत, नव्या धुरकऱ्याच्या हाताखाली, आमच्या गावच्या जोडीविरुद्ध धावला. आणि जिंकला.

मी कान टवकारले. आता कुणीतरी म्हणेल. कुणीच म्हणालं नाही. आमच्या गावचे लोक बैलाजवळ गेले, पाठ थोपटली. जुन्या मालकानं त्याच्या कपाळावरचा गुलाल पुसून डोळ्यांत पाणी आणलं. एक म्हातारा अभिमानानं म्हणाला, “आपल्याच दावणीचा आहे, बाप्पा!” आम्ही हरलो होतो, आणि हरवणाऱ्याचं कौतुक करत होतो. रात्री नाटकाला बसलो. गेल्या साली एका मंडळात नायक असलेला नट यंदा दुसऱ्या मंडळाच्या पोस्टरवर होता. त्यालाही टाळ्या.

नट तसा आपल्या मर्जीनं गेला असेल, पण तो दर साली जातो आणि दर साली आमच्याच गावात येऊन रडवतो, त्यामुळे त्याला माफी आहे. बैलाचं मात्र मला घरी येईपर्यंत सुटेना. त्यानं कबड्डीत मी केलं तेच केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. मग तो आपला आणि मी गद्दार, हे कसं? आणि उड्डाणपुलाखालून येताना एकदम उमगलं. बैलाचे पैसे बैलाला मिळाले नव्हते. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. कासरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, एवढंच. जो विकला जातो तो कधीच गद्दार नसतो. जो स्वतःचा कासरा स्वतःच्या हातात घेऊन चालू लागतो, तो गद्दार.

हे मी पुतण्याला सांगितलं. त्याला वाटलं होतं मी पटाचा निकाल सांगणार. तो मोबाईल खाली ठेवून म्हणाला, “काका, म्हणजे बोसमान!” हा आणखी एक आजार. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमान हा काही फार थोर खेळाडू नव्हता. 1990 मध्ये लिएज क्लबबरोबरचं त्याचं कंत्राट संपलं. फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. लिएज म्हणालं, आधी आमचे पैसे टाका. तेव्हा युरोपात रीतच तशी होती. कंत्राट संपलं तरी दावं सुटत नसे, जुन्या मालकाला रक्कम पोचल्याशिवाय खेळाडू हलत नसे. वर त्याचा पगारही कापला. तो कोर्टात गेला आणि डिसेंबर 1995 मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की कंत्राट संपलं की माणूस मोकळा. त्यानंतरच कॅम्पबेल फुकटात रस्ता ओलांडू शकला. म्हणजे 1995 पर्यंत खेळाडू आमच्या पटातल्या बैलाच्याच जातीचा होता. मग त्याला कासरा सापडला, आणि लोकांना ज्यूडास आठवला.

बायको भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, “एवढं कळायला तुम्हाला पटाला जावं लागलं? पोरीचं बघा ना. बापानं दिली तर बँड लावून देता, आडनावसुद्धा बदलता, आणि तिनं स्वतः निवडलं तर पळाली म्हणता. गाव तेच, घर तेच, सासू तीच.” यावर मी, पुतण्या आणि फिगो तिघेही गप्प बसलो.

तरी राजकारणाचा हिशेब मला थोडा वेगळा मांडावासा वाटतो. फिगो गेला तो स्वतःचे पाय घेऊन गेला. मी गेलो तो स्वतःचे पाच रुपये घेऊन गेलो. पण आमदार जातो तेव्हा आमची मतं खिशात टाकून जातो, आणि ती मोजून आम्हीच दिलेली असतात. जाताना ती टेबलावर ठेवून, पुन्हा मागायला दारात आला, तर त्याच्याशी भांडता येतं, मत देता येतं, पाडता येतं, 208 नं निवडूनही देता येतं. पण आमच्या मतांसकट जो बसमध्ये बसतो, त्याच्या बाबतीत कासरा त्याच्या हातात नसतोच. तो आमच्या गळ्यात असतो. मग बैल कोण, हे बायकोला विचारायचं मी टाळलं.

आता माझं पुढे काय झालं ते सांगतो. पलीकडच्या टपरीवर दोन पेपर होते हे खरं, पण दुसऱ्या पेपरात शब्दकोडंच येत नव्हतं, आणि पहिल्याला तिथेही एक गुरुजी होते. चौथ्या महिन्यात मी हळूच अलीकडे परतलो. मला वाटलं, स्वागत होईल. पक्षात परत येणाऱ्याला हार घालतात, घरवापसी म्हणतात. इथे चहावाल्यानं मला कागदी कपात चहा दिला. एकोणीस वर्षं मी काचेच्या ग्लासात प्यायलेलो. आणि कप हातात ठेवताच म्हणाला, “सात रुपये. रोख.” डुकराचं मुंडकं परवडलं असतं. गुरुजींनी पेपरातून मान वर केली आणि विचारलं, “परका माणूस, दोन अक्षरं?” मी म्हटलं, गुरुजी, पेन्सिलनं लिहा.

मग काही दिवस मी दोन्हीकडे एकेक दिवस जाऊ लागलो, आणि दोन्हीकडे कागदी कप मिळू लागला.

आणि वैशाखात एक पत्रिका आली. हळद-कुंकू लावलेली, जाडजूड. उघडून वाचली तर वरपिता पलीकडचा चहावाला आणि वधूपिता अलीकडचा. मी पत्रिका दोनदा वाचली, मग चष्मा लावून तिसऱ्यांदा. ज्या फडक्याच्या झटक्यानं मी चार महिने झोपलो नव्हतो, त्या फडक्याच्या दोन्ही टोकांना सोयरीक चालली होती. चौकशी केली तर कळलं की दोघांचं दूध पहिल्यापासून एकाच गवळ्याकडून येतं आणि साखरेचं पोतं दोघे अर्धं अर्धं वाटून घेतात. भांडण होतं ते फक्त बाकड्यांचं.

लग्नाला गेलो. मांडवात वरपक्षाच्या खुर्च्या एका बाजूला, वधूपक्षाच्या दुसऱ्या. मी मधल्या गालिच्यावर उभा राहिलो. गुरुजी वधूपक्षाकडे नव्या टोपीत बसले होते आणि नवरदेवाकडे, म्हणजे जावयाकडे, शब्दकोड्याकडे बघावं तसं बघत होते. तेवढ्यात दोन्ही व्याही हातात हात घालून समोर आले. अलीकडच्यानं माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, “का भाऊ, तुम्ही पोरीकडून का पोराकडून?”

पलीकडचाही उत्तराची वाट बघत थांबला. मांडवातली चार माणसं माना वळवून ऐकू लागली. मागे पत्रावळी मांडल्याचा आवाज आला, गरम भाताची वाफ आली.

मी म्हणालो, “पंगतीकडून.”